वावटळीमागे दौडलेले मुद्रक

दर वसंतात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात अनेक हौशी माणसे सुटी काढून मोटारीने गडगडाटी वादळांचा पाठलाग करतात. मोटार अस्तित्वात येण्यापूर्वी हीच हौस घोड्यावरून भागवणारे एक गृहस्थ त्या भूमीत होऊन गेले. ते म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

१७०६ साली बॉस्टनमध्ये जन्मलेले फ्रँकलिन व्यवसायाने मुद्रक. फिलाडेल्फियातील छापखाना भरभराटीस आणून १७४८ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, ते त्यातून बाजूला झाले आणि अभ्यासास उसंत मिळाली. वादळांचे कुतूहल मात्र त्याआधीचे. ऑक्टोबर १७४३ मधील चंद्रग्रहण फिलाडेल्फियात वादळी ढगांमुळे दिसले नाही. वारा ईशान्येचा होता. तेव्हा ईशान्येकडील बॉस्टनला वादळ आधीच पोहोचले असणार, असे त्यांना वाटले. परंतु तेथील बंधूंना ग्रहण नीट दिसले होते. वादळ नंतर आले. वाऱ्याची दिशा आणि वादळाच्या वाटचालीची दिशा एकच असते असे नाही, हे त्यांनी ताडले.

१७५२ मध्ये त्यांनी पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग केला. स्वतः आडोशाला उभे राहून, हाती कोरडी रेशमी फीत धरून त्यांनी ढगातील वीज ओळखली. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये असाच प्रयोग करताना गेऑर्ग रिखमन हे शास्त्रज्ञ विजेच्या आघाताने मृत्युमुखी पडले. ढगांशी सलगी किती महाग पडते, हे जगाला कळले.

तरीही १७५५ मध्ये मेरीलँडमध्ये कर्नल टास्कर यांच्यासमवेत रपेट करीत असताना समोर धुळीची वावटळ उठली, तेव्हा फ्रँकलिन यांना राहवले नाही. तळाशी पिंपाएवढी, माथ्याशी २०-३० फूट रुंद आणि ४०-५० फूट उंच अशी ती होती. सोबती जागीच थांबले. यांनी घोडा तिच्या बाजूने दामटला. चाबकाचे फटकारे मारून ती मोडते का, हेही पाहिले. ती मोडली नाही. तिची चाल माणसाला गाठता येईल इतकी संथ, पण स्वतःभोवतीची गरगर विलक्षण वेगवान, हे त्यांनी टिपले. ती रानात शिरून पाचोळा उचलू लागली. सुमारे पाऊण मैल सोबत केल्यावर वाळलेल्या झाडांच्या फांद्या उडू लागल्या, तसा त्यांनी लगाम खेचला. पुत्र विल्यम आणखी पुढे गेला. तंबाखूच्या जुन्या शेतात उचलायला धूळ नाही, पाने नाहीत. तेथे वावटळ दिसेनाशी झाली. मंडळी पुढे निघाली, तेव्हा जवळजवळ तीन मैलांपर्यंत वरून पाने पडत होती.

हा वृत्तान्त त्यांनी लंडनमधील स्नेही पीटर कॉलिन्सन यांना पत्राने कळवला. ढगाच्या विजेपासून घरे वाचवणाऱ्या आपल्या तडितरक्षकाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. तो उभारण्याची रीत १७५३ च्या आपल्या पंचांगात सर्वांसाठी छापून टाकली. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४व्या वर्षी, फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.