नारायण मेघाजी लोखंडे

महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी मुंबईच्या गिरणीत नोकरी करताना कामगारांचे हाल जवळून पाहिले. यंत्रात हात सापडून कामगार जायबंदी झाला की त्याची मजुरी थांबे आणि घरची चूलही. १८८४ मध्ये लोखंडे यांनी तयार केलेल्या मागणीपत्रावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे; ती १८९० मध्ये मान्यही झाली. दुसरी मागणी मात्र क्वचितच आठवली जाते. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती होती. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना लोखंडे यांचे निधन झाले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९२३ साली झाला.