अरणचे सावतोबा

आमच्या मोडनिंबपासून अरण गाव जवळच आहे. संत सावता माळी हे अरणचे. त्यांना आम्ही सावतोबा म्हणतो. त्यांची समाधी अरणलाच आहे. मी ती दोन वेळा पाहिली आहे.

सावतोबांचा जन्म इ. स. १२५० साली झाला. त्यांच्या वडिलांचे नाव परसू व आईचे नाव नांगिताबाई होते. आजोबांचे नाव देवू माळी. घरचा धंदा माळ्याचा. ज्ञानेश्वर माउलींचा जन्म १२७५ सालचा, म्हणजे सावतोबा माउलींपेक्षा २५ वर्षांनी मोठे होते. ही वजाबाकी मी स्वतः केली. सावतोबांच्या बायकोचे नाव जनाबाई होते.

सावतोबांचे आजोबा पंढरीचे वारकरी होते. पण सावतोबा काही पंढरपूरला गेले नाहीत, असे सांगतात. पंढरपूर काही लांब नाही. पहाटे निघालं तर चालत दिवसभरात पोचता येतं. मग एवढे मोठे भक्त का गेले नाहीत? मला आधी ते बरोबर वाटत नव्हतं.

तेव्हा वीज नव्हती, विहिरीवर मोटर नव्हती. मोटेने पाणी काढायचे. मोट मी पाहिली नाही, पण आमच्या आजोबांनी हाकली आहे. ते सांगतात की मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. बैल उताराने पुढं गेले की ती भरून वर येते आणि पाणी पाटात पडते. मग एकानं दारं धरायची. चार दिवस पाणी चुकलं की भाजी माना टाकते. सावतोबांचा मळा असाच होता. त्यांना वाटे की हा मळा देवानेच दिला आहे आणि देव इथेच आहे. म्हणून ते पाणी पाजताना, खुरपताना विठ्ठलाचे नाव घेत. लोक दिंडीत जात आणि हे मळ्यात राहत. लोक काय म्हणत असतील!

ह्या वर्षी आमच्या घरी तसंच झालं. माझी आजी दर आषाढीला चालत पंढरपूरला जाते. पण ज्येष्ठात आजोबा ओसरीवर घसरून पडले व त्यांचा पाय मोडला. त्यांना उठवून बसवायला माणूस लागते. आई आणि दादा खुरपणीला रानात. शेजारच्या काकू म्हणाल्या की वारी चुकवू नये, देव बघून घेईल. आजीला काही ठरवता येईना. जावं अशी देवाची इच्छा, का राहावं अशी? ती रोज देवापुढं बसून विचारायची. देव काही बोलला नाही. मी पण कान देऊन ऐकत होतो. शेवटी आजी राहिली, पण एकादशीला तिनं भगरसुद्धा खाल्ली नाही. भिंतीकडं तोंड करून निजली. तिला वाटत होतं की आपलं चुकलं.

तेवढ्यात आमच्या गुरुजींनी वर्गात सावतोबा शिकवले. मी पळत घरी येऊन आजीला सांगितले. तिला ते आधीच ठाऊक होते. उलट तिनेच मला पुढची गोष्ट सांगितली. ती अशी.

कूर्मदास नावाचे एक भक्त पैठणहून निघाले होते. त्यांना हातपाय नव्हते. ते सरपटत सरपटत लऊळपर्यंत आले. लऊळ आपल्या माढा तालुक्यातच आहे. पुढे जाणे होईना, म्हणून विठ्ठलच ज्ञानदेव व नामदेवांना घेऊन त्यांना भेटायला निघाला. वाटेत अरण लागले. देवाने दोघांना थांबवले आणि एकटाच पळत सावतोबांच्या मळ्यात शिरला. चोर मागे लागलेत, मला लपव, असे त्याने सांगितले. मळ्यात लपवणार कुठे? सावतोबांनी खुरपे घेतले, आपले पोट चिरले, देवाला आत ठेवले आणि वरून कापड बांधले. मग नामदेव रडत रडत देवाला शोधत आले.

गुरुजी म्हणतात ही दंतकथा आहे. मला ती ऐकताना पोटात कसंतरी झालं. देवाला खरं सांगता आलं असतं की चोर नाहीत, मी गंमत करतोय. आणि जे मागितलं ते किती अवघड! पण सावतोबांनी का म्हणून विचारलं नाही. मी असतो तर विचारलं असतं. आजीला मी हे म्हणालो, तर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली की मी पण विचारत बसले होते की रे.

सावतोबांनी अभंग रचले. त्यांत मळा आहे, भाजी आहे, मोट आहे, विहीर आहे. ते अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. आज ३७ अभंग मिळतात. सावतोबा १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला गेले. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. माउलींनी पुढच्या वर्षी, १२९६ साली समाधी घेतली.

सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. पण सावतोबांच्या उत्सवाला पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. तिथे नारळांची हंडी फोडतात. तिला श्रीफळ हंडी म्हणतात.

त्या दिवशी दादा रानात गेले नाहीत. ते आजोबांजवळ बसले. आजी आणि मी सकाळच्या एस.टी.ने अरणला गेलो. गर्दी लई होती. मला पालखी दिसेना, म्हणून आजीने मला उचलायला पाहिले, पण तिला उचलवलो नाही. मग एका वारकरी बाबांनी खांद्यावर घेतले. आजीने हात जोडले आणि पुष्कळ वेळ डोळे मिटून उभी राहिली. दुपारी आम्ही परत आलो. आजीने पदरात खोबऱ्याचा तुकडा बांधून आणला होता. आजोबांना दात कमी आहेत, म्हणून तिने तो किसणीवर किसून दिला.