बाळू पालवणकर

पालवणकर बाळू (१९ मार्च, १८७६ : धारवाड – ४ जुलै, १९५५ : मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू होते. डावखुऱ्या मंदगती फिरकी गोलंदाजीसाठी ते प्रसिद्ध होते. क्रिकेटच्या धावफलकांत त्यांचे नाव पी. बाळू असे आढळते. राष्ट्रीय पातळीवर कीर्ती मिळविणारे ते पहिले दलित खेळाडू मानले जातात. १९०५-०६ ते १९२०-२१ या काळात त्यांनी ३३ प्रथमश्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघातील ते सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. असे असूनही मुंबईच्या तिरंगी व चौरंगी सामन्यांतील हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. त्यावरून उठलेला वाद भारतीय क्रीडा इतिहासातील संघनिवडीचा पहिला मोठा वाद ठरला.

जन्म व बालपण

बाळू यांचा जन्म चांभार कुटुंबात धारवाड येथे झाला. पालवणकर हे आडनाव कुटुंबाच्या कोकणातील मूळ गावावरून आले. वडील लष्कराच्या सेवेत होते व त्या निमित्ताने कुटुंब पुण्यास स्थायिक झाले. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेटचे पहिले धडे गिरविले. पुढे विठ्ठल व गणपत हे आणखी दोन भाऊही नामवंत खेळाडू झाले.

पुण्यातील कारकीर्द

घरच्या परिस्थितीमुळे बाळू यांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे या कामासाठी त्यांना दरमहा ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये दरमहा ४ रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टी आखणे, जाळी लावणे या कामांबरोबरच सरावासाठी आलेल्या गोऱ्या खेळाडूंना चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. क्लबातील अव्वल फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत आणि आपल्याला बाद केल्याबद्दल प्रत्येक वेळी त्यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते. या अखंड सरावातून बाळू यांची गोलंदाजी अचूक व धारदार झाली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे दिली गेली नाही.

त्याच सुमारास पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवू शकेल अशा गोलंदाजाची गरज होती. बाळूंना संघात घेण्यास काही सवर्ण खेळाडूंचा विरोध होता. अखेर त्यांना घेण्यात आले. परंतु ही जवळीक मैदानापुरतीच राहिली. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे तोच चेंडू इतर खेळाडू हाताळीत, पण चहापानाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे बसून करावे लागे. तोंड धुण्यासाठी पाणी देण्यास दलित समाजातीलच नोकर असे. संघ जिंकू लागल्यावर या वागणुकीबद्दल पुण्यातील सुधारकांत चर्चा सुरू झाली. ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत नसावी, अशी भूमिका न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घेतली होती.

मुंबईत आगमन

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर बाळू मुंबईस आले. येथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्यांच्या प्रवेशास काही सभासदांनी हरकत घेतली होती. परंतु कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे ती मागे पडली. पुढे त्यांना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली व ते रेल्वेच्या संघाकडूनही खेळले.

स्पर्धेचे स्वरूप

त्या काळी भारतात क्रिकेटचे श्रेष्ठत्व ठरविणारी सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धा मुंबईत भरत असे व तिच्यातील संघ धर्म व वंश यांवर आधारलेले होते. १८९० च्या दशकात युरोपियन विरुद्ध पारशी अशा सामन्यांनी तिची सुरुवात झाली. १९०६ साली हिंदू संघ प्रथमच युरोपियनांशी खेळला. १९०७ पासून स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान संघाच्या प्रवेशाने चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये इतर समाजांच्या संघामुळे पंचरंगी झाली. संघ निवडण्याचा व कर्णधार ठरविण्याचा अधिकार त्या त्या समाजाच्या जिमखान्याकडे असे. हिंदू संघ साऱ्या हिंदू समाजाचा प्रतिनिधी म्हणून उतरत असला, तरी त्याची निवड करणारी समिती मुख्यतः मुंबईतील उच्चवर्णीय व धनिक सभासदांची होती. कर्णधार हा केवळ खेळातील नायक नसून समाजाचा प्रतिनिधी असतो, ही समजूत रूढ होती. बाळूंच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचे मूळ या रचनेत होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झालेल्या सामन्यात हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले आणि हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळू यांनी या सामन्यात आठ बळी घेतले. शिवराम हेही या संघात होते. सत्ताधाऱ्यांवर त्यांच्याच खेळात मिळविलेल्या या विजयाची देशभर चर्चा झाली. संघात जातिभेद बाजूला ठेवल्यामुळे हे यश मिळाले, असा निष्कर्ष सुधारकांच्या वृत्तपत्रांनी काढला. पुढील वर्षीही हिंदू संघाने युरोपियनांचा पराभव केला.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ साली पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. या संघातील जागाही पारशी, हिंदू व मुसलमान अशा समाजवार वाटणीने भरण्यात आल्या होत्या. पालवणकर बंधूंपैकी बाळू व शिवराम यांची निवड झाली. संघाची एकूण कामगिरी निराशाजनक ठरली. २३ पैकी १५ सामने त्याने गमावले. या अपयशात बाळूंचे यश उठून दिसले. दौऱ्यात त्यांनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथमश्रेणी सामन्यांतील होते. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी ११ बळी घेऊन संघाला दौऱ्यातील पहिला प्रथमश्रेणी विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद ११३ धावा करून एका गड्याने विजय खेचून आणला.

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकर यांचे नाव जोडले जाते. तेव्हा ते महाविद्यालयीन विद्यार्थी होते.

कर्णधारपदाचा वाद

इंग्लंड दौऱ्यानंतर अनुभव व कामगिरी या दोन्ही बाबतींत हिंदू संघात बाळूंच्या बरोबरीचा खेळाडू नव्हता. तरीही कर्णधारपदासाठी त्यांचा विचार झाला नाही. १९१३ मध्ये एम. डी. पै यांची कर्णधार म्हणून निवड झाली. पै हे सारस्वत ब्राह्मण होते. आपल्या सत्कारप्रसंगी त्यांनी हा मान ज्येष्ठ खेळाडू या नात्याने बाळूंना मिळावयास हवा होता असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक मोसमात हा प्रश्न चर्चेत येत राहिला. विठ्ठल हे संघातील प्रमुख फलंदाज झाल्यावर डावलल्या जाणाऱ्या पात्र खेळाडूंची संख्या दोन झाली.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत या वादाने टोक गाठले. नियुक्त कर्णधार पै आजारी पडले. निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांना दिले. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक व उत्तम फलंदाज होते. परंतु वयाने व अनुभवाने ते पालवणकर बंधूंहून कनिष्ठ होते. या निर्णयाच्या निषेधार्थ विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली व वृत्तपत्रांतून निवेदन प्रसिद्ध केले. समितीने केवळ जातीमुळे पक्षपात केला असून हा आपल्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे, असा या निवेदनाचा आशय होता.

या माघारीला व्यापक पाठिंबा मिळाला. असहकार चळवळीचा तो प्रारंभकाळ होता व अस्पृश्यतानिवारण हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनत होता. अशा वेळी हिंदू समाजाच्या नावाने खेळणाऱ्या संघाने दलित खेळाडूंना डावलणे अनेकांना विसंगत वाटले. अखेरीस तडजोड झाली. पै प्रकृती सुधारल्यावर परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार नेमण्यात आले आणि त्यांचे भाऊही परत आले. पारशांविरुद्धच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. त्या वेळी त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. याच मोसमात त्यांची प्रथमश्रेणी कारकीर्द संपली.

विठ्ठल यांचे कर्णधारपद

बाळूंच्या निवृत्तीनंतरही विठ्ठल यांचा दावा काही काळ डावलला गेला. १९२३ मध्ये मात्र हिंदू जिमखान्याने त्यांची कर्णधार म्हणून निवड केली. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवून विजेतेपद मिळविले. चाहत्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले.

ज्या वर्षी विठ्ठल कर्णधार झाले त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव होता. कशेडी घाटाच्या उत्तरेस पोलादपूरच्या पुढे असलेल्या महाड येथील नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तेथील पाणी दलितांना मिळाले नाही आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडचा सत्याग्रह करावा लागला. क्रिकेटच्या मैदानावर मिळालेली मान्यता पाणवठ्यापर्यंत पोहोचलेली नव्हती, हे या दोन घटना एकत्र पाहिल्यास स्पष्ट होते.

राजकीय जीवन

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. हिंदू समाजात राहून सुधारणा घडवावी अशी त्यांची भूमिका होती. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला त्यांचा विरोध होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचा समावेश आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवले येथे केलेली धर्मांतराची घोषणा त्यांना मान्य नव्हती. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. त्या लढतीत आंबेडकरांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

स्पर्धेला विरोध व तिचा शेवट

बाळूंच्या निमित्ताने संघाच्या अंतर्गत निवडीतील पक्षपात उघड झाला. पुढील काळात वादाचा रोख धर्मावर संघ उभारण्याच्या पद्धतीवरच वळला. १९३४ मध्ये प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा सुरू झाल्याने नवा पर्याय उपलब्ध झाला. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी हिंदू जिमखान्याच्या शिष्टमंडळापुढे जातीय सामन्यांबद्दल नापसंती व्यक्त केली. स्पर्धेच्या समर्थकांचे म्हणणे असे की, प्रचंड गर्दी खेचणाऱ्या या सामन्यांतून जिमखान्यांना उत्पन्न मिळते आणि खेळाडू घडतात. विजय हजारे यांनी १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात इतर समाजांच्या संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या होत्या. तथापि देशातील वाढता जातीय तणाव पाहता या रचनेचे समर्थन करणे कठीण झाले व १९४६ नंतर ही स्पर्धा बंद झाली.

निधन व वारसा

बाळू पालवणकर यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे निधन झाले. त्यानंतर अनेक वर्षे ते विस्मृतीत गेले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' (२००२) या ग्रंथामुळे त्यांचे कार्य नव्या पिढीसमोर आले. बाळू यांच्या कारकिर्दीच्या काळात भारताला कसोटी दर्जा मिळालेला नव्हता; भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये, त्यांच्या निवृत्तीनंतर सुमारे अकरा वर्षांनी झाला. त्यामुळे त्यांच्या योग्यतेची साक्ष चौरंगी स्पर्धा व १९११ चा दौरा यांतील आकडेवारीतच शोधावी लागते. संघात जागा गुणांवर मिळाली, तरी नेतृत्व जातीवर अडले. ही उणीव त्यांच्या भावाच्या निवडीने १९२३ मध्ये काही अंशी भरून निघाली.