तंट्या भिल्ल

रावेरहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बऱ्हाणपुरापुढे सातपुड्याचे डोंगर लागतात. याच मुलखात तंट्या भिल्लाने इंग्रजांच्या पोलिसांना अकरा वर्षे चकवले.

तंट्याचा जन्म 1840 च्या सुमारास निमाडात, पंधाना भागातील गरीब भिल्ल कुटुंबात झाला. पिढ्यान् पिढ्या जंगल हेच भिल्लांचे घर. इंग्रजी अमलात जंगल सरकारचे झाले, सारा रोख द्यावा लागू लागला आणि भिल्ल सावकाराच्या दारात उभा राहिला. कर्ज फिटेना, जमिनी गेल्या. तंट्याच्या घरचीही जमीन अशीच गेली, असे लोक सांगतात.

ज्याचे गेले, चोर मात्र तोच ठरला! 1871 साली सरकारने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. भिल्लांकडे पाहण्याची नजरही तीच होती. 1874 साली वाईट मार्गाने पोट भरतो, या आरोपावरून तंट्याला एक वर्षाची कैद झाली. 1878 साली तो पुन्हा पकडला गेला. पण खंडव्याच्या तुरुंगातून तीन दिवसांतच निसटला.

पुढे त्याने सावकारांना लुटले आणि लूट गोरगरिबांत वाटली. लोक त्याला मामा म्हणू लागले. त्याच्या हातून रक्तही सांडले, फितुरांची नाकेही कापली गेली. हे झाकण्याचे कारण नाही. तो मार्ग आपला नव्हे. पण त्या मार्गावर त्याला कोणी ढकलले, हेही विसरता येत नाही.

अखेर मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने दगा दिला. अटकेची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातही छापून आली. त्यात त्याला भारताचा रॉबिन हूड म्हटले होते. 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला त्याला फाशी झाली. इंदूरजवळ पाताळपाणी येथे त्याची समाधी आहे. तेथे आजही आदिवासी माथा टेकतात.

तो कायदा 1952 साली गेला. नजर मात्र गेली नाही. केळीच्या बागेत काही हरवले की पहिला संशय भिल्ल, पावरा मजुरावर जातो. बंधू-भगिनींनो, गावात चोरी झाली की आधी आपल्या वस्तीची झडती होई, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. जन्माचा कलंक आपण नाकारला. मग तोच कलंक शेजारच्या भिल्लाच्या कपाळी आपल्या हाताने कसा लावावा? आपल्या मुलांच्या तोंडी तो शब्द आला, तर त्यांना तंट्याची ही हकीकत जरूर सांगा.