‘एनपीएच’मधले डॉ. हागेडॉर्न

मुरुडच्या कोळीवाड्यात मासा साफ करताना गाबोळी हमखास बाजूला काढून ठेवली जाते. नर माशाच्या पोटातल्या पांढऱ्या, मऊ पिशव्यांना तेवढा मान नसतो. मधुमेहाच्या उपचारांना मात्र अशाच पांढऱ्या पिशव्यांनी मोठे वळण दिले. औषधाच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये दुधासारखे दिसणारे जे इन्सुलिन असते, त्यात माशापासून मिळवलेले प्रोटॅमीन नावाचे प्रथिन असते. या इन्सुलिनचे नाव ‘एनपीएच’, म्हणजे न्यूट्रल प्रोटॅमीन हागेडॉर्न. त्यातला ‘एच’ म्हणजे डेन्मार्कचे डॉ. हान्स क्रिश्चन हागेडॉर्न.

त्यांचा जन्म 1888 मध्ये कोपनहेगनला झाला. 1912 मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केल्यावर काही काळ त्यांनी ब्रांडे या छोट्या गावात साधा गावचा डॉक्टर म्हणून काम केले. त्या काळी रक्तातली साखर मोजणे हे मोठ्या प्रयोगशाळेचे काम होते. हागेडॉर्न यांनी गावातले औषधविक्रेते नॉर्मन येन्सेन यांना हाताशी धरून, अगदी थोड्या रक्तात साखर मोजण्याची पद्धत 1918 मध्ये तयार केली. पुढे अनेक वर्षे जगभरातल्या प्रयोगशाळा हीच पद्धत वापरत होत्या.

मापन हाताशी आले, पण औषध नव्हते. कॅनडातल्या टोरांटोमध्ये जानेवारी 1922 मध्ये रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. त्याच वर्षी नोबेल विजेते डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग पत्नीसह अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पत्नी मेरी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांनाही मधुमेह होता. क्रोग टोरांटोला गेले आणि डेन्मार्कमध्ये इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन परतले. डिसेंबर 1922 मध्ये क्रोग आणि हागेडॉर्न यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. मार्च 1923 मध्ये पहिल्या डॅनिश रुग्णांवर उपचार सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘नॉर्डिस्क’ ही इन्सुलिन प्रयोगशाळा उभी राहिली.

हागेडॉर्न यांचा स्वभाव मात्र करारी होता. प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ थोरवाल्ड पेडरसन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि 1924 मध्ये पेडरसन यांना काम सोडावे लागले. त्यांचे भाऊ हाराल्डही त्यांच्यामागे बाहेर पडले. या दोघा भावांनी 1925 मध्ये ‘नोवो’ ही स्वतःची कंपनी काढली. एकाच शहरातल्या या दोन संस्था पुढची साठ-पासष्ट वर्षे एकमेकींच्या स्पर्धक राहिल्या.

सुरुवातीच्या इन्सुलिनची एक मोठी अडचण होती. टोचल्यावर ते लवकर रक्तात उतरे आणि सहा-आठ तासांत संपे. रुग्णाला दिवसातून तीन-चार सुया घ्याव्या लागत, कधी मध्यरात्री उठूनही. सुई चुकली तर सकाळपर्यंत साखर वाढलेली असे. त्वचेखाली इन्सुलिनचा साठा राहावा आणि त्यातून ते हळूहळू झिरपावे, असे काहीतरी हवे होते.

हागेडॉर्न यांनी विद्राव्यतेकडे लक्ष दिले. जुने इन्सुलिन आम्ल द्रावणात विरघळवलेले असे. त्यात असा एखादा पदार्थ मिसळला, की शरीराच्या आम्लतेला ते सहज विरघळणार नाही, तर काम होईल असा त्यांचा तर्क होता. इन्सुलिन आम्लधर्मी, म्हणून त्याला बांधून ठेवणारा पदार्थ अल्कधर्मी हवा. असे प्रथिन सापडले ट्राउट या माशाच्या नराच्या शुक्रपेशींत. ते म्हणजे प्रोटॅमीन. 1936 मध्ये हागेडॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी त्यात जस्त मिसळून परिणाम आणखी लांबवला.

पण त्या जस्तवाल्या इन्सुलिनमध्ये प्रोटॅमीन जादा असे. जेवणाआधीचे जलद इन्सुलिन त्याच सिरिंजमध्ये घेतले, तर हे शिल्लक प्रोटॅमीन त्यालाही बांधून ठेवी. ‘नॉर्डिस्क’मधल्या संशोधकांनी 1946 मध्ये दोन्हींचे प्रमाण नेमके जुळवून स्फटिक तयार केले. तेच ‘एनपीएच’. त्यात साधे जलद इन्सुलिन मिसळता येते. आज आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे 30/70 मिश्र इन्सुलिन याच सोयीवर उभे आहे.

1932 पासून हागेडॉर्न मधुमेहींसाठी उभारलेल्या स्टेनो रुग्णालयाचे प्रमुख होते. एकीकडे कारखाना आणि दुसरीकडे रुग्णांच्या खाटा, असे त्यांचे काम चाले. उतारवयात त्यांना पार्किन्सनचा आजार जडला आणि 1971 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे 1989 मध्ये ‘नोवो’ आणि ‘नॉर्डिस्क’ एक झाल्या.

त्यांच्या इन्सुलिनलाही मर्यादा होत्या. एनपीएच टोचल्यानंतर चार ते आठ तासांच्या सुमारास त्याचा जोर सर्वाधिक असतो. रात्री घेतले, तर तो जोर ऐन झोपेत येतो आणि साखर घसरू शकते. म्हणून 2000 सालापासून ग्लार्जिन आणि त्यानंतर डेटेमिर, डेग्लुडेक ही अधिक सपाट चालणारी इन्सुलिने आली. ग्लार्जिन बाटलीत पाण्यासारखे स्वच्छ असते आणि त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण होतात. डेटेमिर रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला धरून राहते. साठवून हळूहळू सोडायचे, ही कल्पना हागेडॉर्न यांचीच. वाटा मात्र वेगळ्या, आणि म्हणून प्रत्येकाचे घड्याळही वेगळे.

कधी किमतीमुळे, कधी नेहमीचे इन्सुलिन दुकानात नसल्यामुळे, कधी रात्री साखर उतरते म्हणून इन्सुलिन बदलावे लागते. तेव्हा युनिटचा आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही. समजा सकाळी 12 आणि रात्री 8 असे एनपीएचचे 20 युनिट चालू आहेत. दिवसातून एकदाच्या ग्लार्जिनवर जाताना डॉक्टर साधारण 20 टक्के कमी करून 16 युनिटपासून सुरुवात करतात. एनपीएच एकदाच घेत असल्यास तेवढाच डोस बहुधा कायम ठेवतात. हा निर्णय डॉक्टरांचाच, दुकानदाराचा नव्हे. ग्लार्जिन दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनमध्ये मिसळायचे नसते. एनपीएच घेण्याआधी मात्र बाटली हातात हलकेच फिरवून एकसारखी करावी लागते.

दुसरा धोका सिरिंजचा. आपल्याकडच्या अनेक बाटल्या मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, तर पेनमधले इन्सुलिन बहुधा 100 युनिटचे. लाल टोपणाची सिरिंज 40साठी आणि नारिंगी टोपणाची 100साठी. 100च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने 10च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात 25 युनिट जातात.

इन्सुलिन बदलल्यावर पहिले काही आठवडे सकाळी उपाशीपोटीची साखर वहीत लिहावी. रात्री घाम, थरथर किंवा एकदम भूक जाणवल्यास उठून साखर तपासावी. ती 70च्या खाली असेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावे आणि सकाळी डॉक्टरांना कळवावे. एक थेंब रक्तात साखर मोजणारे ग्लुकोमीटर आज मुरुडच्या घरातही ठेवता येते. ब्रांडेच्या त्या गावच्या डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी तेवढ्यासाठीच खटपट सुरू केली होती.