कुंडीतल्या रोपांना विचारणारा शास्त्रज्ञ : चार्ल्स डार्विन आणि तणनाशकाचे अवशेष

खरिपातल्या मक्यावर तुम्ही ॲट्राझिन फवारले, पाऊस कमी झाला आणि आता त्याच रानात हरभरा पेरायचा आहे. पेरावा की थांबावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत ज्यांच्याकडून शिकावी, अशा एका माणसाची आज ओळख करून घेऊ. उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे तुम्ही त्यांचे नाव ऐकलेच असेल, पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग कुंड्या, बिया आणि माती यांच्यात गेला, हे फारसे सांगितले जात नाही.

डॉक्टरकी सोडलेला मुलगा

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही तेच करावे म्हणून त्यांनी त्याला एडिंबरोला पाठवले, पण शस्त्रक्रिया पाहणेच त्याला सोसेना. पुढे केंब्रिजला शिकत असताना वनस्पती आणि किडे यांची गोडी लागली. डिसेंबर १८३१ मध्ये ते ‘बीगल’ जहाजावर चढले आणि जवळपास पाच वर्षांनी, ऑक्टोबर १८३६ मध्ये परतले.

१८३९ मध्ये एमा वेजवूड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १८४२ मध्ये हे कुटुंब केंट परगण्यातील डाउन या गावी राहायला गेले. पुढची चाळीस वर्षे तेच घर, तीच बाग आणि तेच शेत ही डार्विन यांची प्रयोगशाळा होती. प्रकृती कायम नाजूक, त्यामुळे दिवसाकाठी थोडेच तास काम व्हायचे. दहापैकी तीन मुले लहानपणीच गेली. तरीही प्रयोगांच्या नोंदी थांबल्या नाहीत.

तण मोजणारा माणूस

त्यांनी तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा खणून साफ केली आणि तिथे उगवणारे प्रत्येक तण मोजले. एकूण ३५७ रोपे उगवली. त्यांतली २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किडींमुळे. दुसऱ्या वेळी तळ्याकाठचा तीन मोठे चमचे चिखल आणून सहा महिने झाकून ठेवला आणि उगवलेले प्रत्येक रोप उपटून मोजले. चहाच्या कपात मावेल एवढ्या त्या चिखलातून ५३७ रोपे निघाली. तुमच्या रानात दरवर्षी खुरपूनही तण का संपत नाही, याचे उत्तर त्या चिखलात आहे.

समुद्राच्या पाण्यात बी जगते का, हे त्यांनी तर्काने ठरवले नाही. ८७ प्रकारचे बी खाऱ्या पाण्यात ठेवले. २८ दिवसांनंतरही त्यांतले ६४ प्रकार उगवले. १८४२ मध्ये एका शेतावर त्यांनी खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. १८७१ मध्ये, म्हणजे २९ वर्षांनी तिथे चर खणला, तेव्हा खडूचा थर सात इंच खाली सापडला. वर गांडुळांनी आणलेली माती होती. गांडुळांवरचे त्यांचे पुस्तक १८८१ मध्ये आले.

कोंबाच्या टोकापासून तणनाशकापर्यंत

१८८० मध्ये मुलगा फ्रान्सिस याच्यासह त्यांनी वनस्पतींच्या हालचालींवर पुस्तक लिहिले. गवताचा कोवळा कोंब उजेडाकडे वाकतो, पण टोकावर अपारदर्शक टोपी घातली की वाकत नाही, हे त्यांनी दाखवले. टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो, एवढे त्यांनी ओळखले. १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. तो निरोप म्हणजे ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक, हे पुढच्या शतकात कळले. त्याच अभ्यासातून १९४० च्या दशकात २,४-डी हे तणनाशक हाती आले. ते रुंद पानांच्या रोपात ऑक्झिनसारखे वागून वाढ बिघडवते. २,४-डी वापरलेला पंप नीट न धुता कपाशीवर वापरला की पाने भेंडीसारखी अरुंद का होतात, हे आता लक्षात येईल.

आता तुमच्या रानाकडे

तणनाशक खडूसारखे वर्षानुवर्षे टिकत नाही, पण सगळी तणनाशके सारख्या वेगाने संपतही नाहीत. उबदार, ओलसर जमिनीत २,४-डी काही आठवड्यांत विघटित होते. ॲट्राझिन आणि सल्फोनिल युरिया गटातील काही तणनाशके मात्र जास्त सामू असलेल्या जमिनीत अधिक काळ राहतात. आपल्या बऱ्याच भारी काळ्या जमिनी अशाच आहेत. विघटनाचे बरेचसे काम सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना ओल व ऊब लागते. म्हणून कोरड्या वर्षी नुसते दिवस मोजून चालत नाही. आधी लेबलवरचे पुढच्या पिकाचे अंतर वाचा, मग डार्विन यांच्यासारखे रोपांनाच विचारा.

- पेरणीच्या किमान चार आठवडे आधी, फवारलेल्या रानातील आठ-दहा ठिकाणांहून वरच्या १५ सेंमी थरातील माती घ्या. फवारा दुबार पडतो त्या कडेची आणि वळणाची माती वेगळी ठेवा.
- तशाच पण न फवारलेल्या जागेची, उदाहरणार्थ बांधालगतची माती तुलनेसाठी घ्या.
- प्रत्येक मातीच्या तीन कुंड्या भरा. प्रत्येक कुंडीत जे पीक घ्यायचे त्याचे दहा दाणे पेरा.
- कुंड्या उन्हात ठेवा, सारखे पाणी द्या आणि तीन आठवडे पाहा.

उगवण चांगली झाली म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. ॲट्राझिन उगवण थांबवत नाही. दाण्यातील अन्न संपल्यावर खालची पाने कडेने पिवळी पडून करपतात. उंची, रंग आणि मुळे यांची तुलना करा. फवारलेल्या मातीतली रोपे खुजी किंवा पिवळी असतील, तर हरभरा थांबवा. ॲट्राझिनचा अंश असेल तर रब्बी ज्वारी हा सुरक्षित पर्याय आहे. पाण्याची सोय असेल तर रान ओलवून विघटनाला वेळ द्या आणि चाचणी पुन्हा घ्या.

एकरभर बियाणे, खत आणि हंगाम पणाला लावण्यापेक्षा नव्वद दाणे आणि तीन आठवडे खर्च करणे केव्हाही परवडते. कुंडीवर तारीख आणि रानाचे नाव लिहायला विसरू नका. डाउनच्या त्या घरातही प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवली जात होती.