लोकांना वाटलं तलत गातोय, पण माईकसमोर होते खुद्द संगीतकार

दिलीपकुमार आणि मीनाकुमारी यांच्या ‘आझाद’मधलं ‘कितना हसीं है मौसम’ हे गाणं कुठं लागलं, की जुन्या गाण्यांच्या शौकिनांमध्ये एक वाद हमखास होतो. एक जण छातीठोकपणे सांगतो की हा आवाज तलत महमूदचा. दुसऱ्याला आवाज तलतच्या जवळचा वाटतो, पण तलतचा नाही याची त्याला खात्री असते. मग तिसरा कुणीतरी तपशील काढून दाखवतो. लता मंगेशकरांच्या शेजारी गायकाचं नाव लिहिलेलं असतं, चितळकर.

हे चितळकर कोण, हा पुढचा प्रश्न. तर त्याच गाण्याला संगीतकार म्हणून सी. रामचंद्र यांचं नाव आहे, आणि ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. गाण्याचं शिक्षण त्यांनी पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात घेतलं. पण डोक्यात शिरला होता सिनेमा, आणि तोही पडद्यावर दिसण्यासाठी. वयाच्या सतरा-अठराव्या वर्षी वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’मध्ये त्यांना थेट नायकाचं काम मिळालं. सिनेमा पडला आणि नायक रस्त्यावर आला.

पुढं ते सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये गेले. तिथं वाट्याला आल्या किरकोळ भूमिका. चेहऱ्यावर पोट भरणार नाही हे कळलं तेव्हा शिकलेलं गाणं कामी आलं. बिंदू खान आणि हबीब खान या संगीतकारांकडं ते पेटीच्या साथीला बसायला लागले.

पेटीवाल्याचं काम बाहेरून साधं वाटतं. पण त्या काळात संगीतकार चाल गुणगुणायचा आणि ती पकडून ठेवायची जबाबदारी पेटीवर असायची. चाल गायकाला शिकवायची, वादकांना ऐकवायची, तालमीला गायक आला नाही तर स्वतः गाऊन वेळ निभावून न्यायची. एवढं करून नाव मात्र संगीतकाराचं आणि गायकाचं. अडलं तिथं उभं राहायचं, ही सवय रामचंद्र चितळकरांना या साथीनं लावली. पुढं संगीतकार झाल्यावरही ती सुटली नाही.

त्याच काळात त्यांची गाठ पडली भगवान पालव यांच्याशी, म्हणजे आपल्या भगवानदादांशी. भगवानदादा तेव्हा स्टंटपट काढायचे. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या दोन तमिळ सिनेमांना चितळकरांनी संगीत दिलं. पुणतांब्याचा मराठी माणूस स्वतंत्र संगीतकार म्हणून आधी तमिळमध्ये उभा राहिला. हिंदीत सुरुवात झाली १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून, आणि तोही सिनेमा भगवानदादांचाच होता.

नावांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. भगवानदादांच्या काही सिनेमांवर त्यांचं नाव राम चितळकर असं आहे, तर काहींवर अण्णासाहेब. मोठ्या बॅनरच्या सिनेमांसाठी ते सी. रामचंद्र झाले. आडनाव आद्याक्षरात गेल्यामुळं नाव थेट दाक्षिणात्य वळणाचं झालं. गायला उभे राहिले की मात्र आडनाव परत यायचं आणि गायक म्हणून नाव लागायचं चितळकर.

१९४७ साली फिल्मिस्तानचा ‘शहनाई’ आला. त्यातल्या रविवारच्या भेटीच्या गाण्यात गिटार, सॅक्सोफोन आणि माऊथ ऑर्गन एकत्र आले आणि हिंदी सिनेमाच्या कानाला नवाच ठेका लागला. त्या गाण्यात पुरुषाचा आवाज होता चितळकरांचा. १९४९ च्या ‘पतंगा’मध्ये ‘मेरे पिया गए रंगून’ या टेलिफोनवरच्या द्वंद्वगीतात शमशाद बेगम यांच्यासोबत तेच गायले. पडद्यावर होते विनोदी नट गोप. आवाज गोपना इतका चपखल बसला की ऐकणाऱ्याला गायक कोण हे विचारावंसंही वाटलं नाही.

यात चूक ऐकणाऱ्यांची नव्हती. पार्श्वगायकाचं नाव सांगण्याची रीतच तेव्हा नीट रुळली नव्हती. १९४९ च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवरसुद्धा आधी गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं, नाव छापलं गेलं होतं. लताबाईंची ही गत, तिथं अधूनमधून गाणाऱ्या संगीतकाराची कोण चौकशी करणार?

१९५१ ला ‘अलबेला’ आला. पैसा भगवानदादांचा, दिग्दर्शन त्यांचं आणि नायकही तेच. त्यांच्या तोंडी आवाज कुणाचा द्यायचा हा प्रश्न सी. रामचंद्रांनी स्वतःच सोडवला. ‘शोला जो भडके’पासून सिनेमातली भगवानदादांची गाणी चितळकर गायले. भगवानदादांचं ते खांदे हलवत जागच्या जागी नाचणं पुढं दोन पिढ्यांनी उचललं, आजही ते वरातीत दिसतं. पण त्या नाचामागचा आवाज संगीतकाराचा होता, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं?

याच सिनेमात पडद्यावर आपल्या बँडसह दिसतो एक ट्रम्पेटवाला, चिक चॉकलेट. मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. हॉटेलांमध्ये बँड वाजवणारा हा माणूस सी. रामचंद्रांचा सहायकही होता. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेले असे कितीतरी वादक तेव्हा मुंबईच्या सिनेमात होते. चाल संगीतकाराची असायची, ती कागदावर उतरवून वीस-तीस वाद्यांत वाटायचं काम ही मंडळी करायची. त्यांची नावं तबकडीवर कधीच आली नाहीत.

आता येऊ ‘आझाद’कडं. निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू कोइम्बतूरचे. त्यांना सगळी गाणी महिनाभरात हवी होती. ते आधी नौशाद यांच्याकडं गेले, पण एवढ्या घाईत काम करायला नौशाद यांनी नकार दिला, असं सांगितलं जातं. सी. रामचंद्रांनी ते अंगावर घेतलं आणि मुदतीत पुरं केलं.

दिलीपकुमारसाठी ‘आरजू’, ‘तराना’, ‘दाग’ या सिनेमांत तलत महमूद गायले होते. त्यांचा तो किंचित थरथरणारा मखमली आवाज लोकांच्या कानात दिलीपकुमारशी जोडला गेला होता. ‘आझाद’मधलं हे द्वंद्वगीतही तलत यांच्यासाठीच होतं. पण रेकॉर्डिंगच्या वेळी ते येऊ शकले नाहीत. थांबायला वेळ नव्हता. तेव्हा जुना पेटीवाला जागा झाला. ज्याच्यासाठी चाल बांधली तो नाही, मग चाल बांधणारा उभा राहील.

चितळकर गायले ते तलतच्या अंगानं. आवाज हलका ठेवला, शब्द हळुवार टाकले. भगवानदादांसाठी धुमाकूळ घालणारा गळा तो हाच, हे सांगूनही पटू नये इतका फरक. सिनेमा १९५५ ला लागला, चालला, आणि दिलीपकुमारना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं आणि अनेकांनी ते परस्पर तलतच्या खात्यावर जमा करून टाकलं. नक्कल इतकी चांगली वठली होती की नक्कल करणाराच त्यात हरवला.

दोन वर्षांनी ‘आशा’ आला आणि त्यातलं ‘ईना मीना डीका’. ते गायले किशोरकुमार आणि आशा भोसले. गीतकार म्हणून नाव राजेंद्र कृष्ण यांचं. पण त्या बिनअर्थाच्या शब्दांची कथा वेगळी सांगतात. संगीत खोलीबाहेर मुलं खेळताना इंग्रजी बडबडगीत म्हणत होती, त्यावरून सी. रामचंद्रांना मुखडा सुचला. तो वाढवायला मदत केली त्यांच्या गोव्याच्या सहायकानं, जॉन गोम्सनं. गाण्यातलं ‘माका नाका’ हे त्याचं. सगळा देश अर्थ न कळता ते शब्द गात राहिला. कोकणी येणाऱ्याला मात्र अर्थ लगेच कळतो. माका नाका, म्हणजे मला नको.

चितळकर या नावावर निदान वाद तरी होतो. जॉन गोम्सच्या नावावर तोही होत नाही.

२७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लताबाईंनी कवी प्रदीप यांचं शहीद जवानांवरचं गीत गायलं. चीन युद्धाची जखम ताजी होती. त्या गीताची चाल सी. रामचंद्रांचीच. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला ते गल्लोगल्ली वाजतं. नाव आधी घेतलं जातं लताबाईंचं, मग प्रदीप यांचं. संगीतकाराचं नाव बहुतेकांना विचारूनच कळतं.

साठच्या दशकात हिंदीतली कामं कमी होत गेली. ते मराठीकडं वळले. ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ या सिनेमांना संगीत दिलं, त्यांत कामही केलं. ‘नागानंद’मध्ये अर्धवट राहिलेली पडद्याची हौस अशी तीस वर्षांनी भागली. गदिमांच्या ‘गीत गोपाल’ला चाली दिल्या. १९७७ ला ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

सी. रामचंद्रांचा मोठेपणा सांगताना लोक ‘अनारकली’, ‘अलबेला’, ‘नवरंग’ ही नावं घेतात, आणि ती बरोबरच आहेत. चितळकर मात्र त्या यादीत नसतात. पेटीवर बसलेला माणूस गायकाच्या गैरहजेरीत गायचा आणि गायक आला की गप्प व्हायचा. फरक एवढाच की ‘आझाद’च्या वेळी गायक आलाच नाही आणि आवाज तबकडीवर राहून गेला.

पुढच्या वेळी ते गाणं लागलं आणि कुणी तलत म्हणालं, तर लगेच वाद घालू नका. आधी ‘आझाद’मधलं ते गाणं ऐका आणि लगोलग ‘अलबेला’ लावा. दोन्ही आवाज पुणतांब्याच्या एकाच गळ्यातून आलेत, हे कानाला पटायला थोडा वेळ लागतो.